पाटीवरचा पांढरा पट्टा

"पाणी लावू नका!" दिवाणखान्यातून दादा ओरडले. सकाळपासून चौथ्यांदा.

"नाही हो लावत," सून म्हणाली आणि शेजारच्या वाटीतल्या साबणाच्या पाण्यावर तिनं हळूच फडकं टाकलं.

मागच्या गॅलरीत दोन स्टुलांवर दुकानाची जुनी पाटी आडवी ठेवली होती. चार फूट लांब, दोन फूट रुंद पत्रा, भोवती लाकडी चौकट, एका कोपऱ्यात गंजून पडलेलं भोक. निळ्या जमिनीवर पिवळी ठसठशीत अक्षरं होती, 'शिलाई मशीन दुरुस्ती'. बाजूला मशीनचं चित्र. चाकाला पेंटरनं हौसेनं आठ आरे काढलेले. आणि सगळ्यात खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा पट्टा, त्यावर बारीक काळ्या अक्षरांत 'खात्रीचे काम'.

सून दातांची डॉक्टर. तीन दिवस ती दवाखान्यातून आल्यावर या पाटीपाशी बसत होती. मऊ ब्रश, चिमटा, कापसाचे बोळे, सगळं ट्रेमध्ये मांडून.

"दुखतंय का विचार तिला," वकील म्हणाला. तो तिचा नवरा, या घरातला एकुलता एक मुलगा. कुठल्याशा जागेच्या तंट्यात पाहणीला गेला असताना पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पालथी घातलेली, दुकान बंद झाल्यावर भंगारात गेलेली ही पाटी त्याला दिसली होती. चौकट ओळखीची वाटली, म्हणून उलटून पाहिली, तर आपलंच दुकान. आज संध्याकाळी दादांच्या पंचाहत्तरीला माणसं येणार होती. त्याआधी ती दिवाणखान्यात लावायची, असं ठरलं होतं. भिंतीत खुंट्या ठोकूनही झाल्या होत्या.

"इकडे बघ," सून हळू आवाजात म्हणाली. "बाकीची सगळी पाटी ऑइलपेंटची आहे. हा पट्टा तसा नाही. वरचं व्हार्निश तडकलंय आणि खाली नुसती भुकटी. हा भिंतीचा रंग आहे. डिस्टेंपर."

"पत्र्यावर डिस्टेंपर कोण मारेल?"

"ज्याला घाई असेल तो."

वकिलाला लहानपणचं आठवलं. दर दोन वर्षांनी दादा ही पाटी खाली उतरवायचे आणि स्वतःच्या हातानं व्हार्निश मारायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. गिऱ्हाइकं म्हणायची, काय जीव आहे माणसाचा दुकानावर! त्यालाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

"खाली काहीतरी पिवळं दिसतंय," सून म्हणाली. "काढू?"

"काढ की. मूळ आहे तेच लावायचं. त्याचसाठी तर आणली."

तिनं फडकं बाजूला केलं, बोळा बुडवून पिळला आणि पट्ट्याच्या उजव्या टोकाला टेकवला. पांढरा रंग दुधासारखा ओघळला. तिसऱ्या बोळ्याला एक अक्षर वर आलं, पाचव्याला दुसरं. निळ्यावर पिवळं, जणू काल लिहिल्यासारखं.

'ताई.'

"ताई?" वकील म्हणाला. "कोण ताई?"

दिवाणखान्यातला पंखा चालू होता, तरी दादांना तो शब्द ऐकू आला.

ते उठले नाहीत. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी घडीवर घडी घालून इतकं लहान केलं, की शेवटी ते मुठीत मावलं. शेहेचाळीस वर्षांपूर्वी लग्नाच्या बोलणीसाठी मुलीकडची माणसं येणार होती, म्हणून घराला रंग दिला होता. बादलीच्या तळाशी थोडा उरला होता. ती माणसं आधी दुकानावरून येणार, हे सकाळी कळलं आणि दुपारी दादा शिडीवर चढले. वडील जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. ती ओळ वडिलांनी लिहवून घेतली होती, स्वतः उभं राहून. लोक काय म्हणतील, दुकान बहीण चालवते आणि भाऊ गल्ल्यावर बसतो? तेवढाच विचार होता मनात. खाली शिडी कोण धरून उभं होतं, तेही त्यांना आठवलं, आणि ते झटक्यानं उठले.

"सांगितलं होतं ना पाणी लावू नका म्हणून!" गॅलरीच्या दारात येऊन ते म्हणाले. "मोडतोड करायला आणलीत का पाटी?"

"मोडत नाही दादा, उघडतेय," सून म्हणाली.

"ते पेंटरनं चुकीचं लिहिलं होतं. म्हणून झाकलं. पुन्हा पांढरं करून टाका."

"चुकीचं म्हणजे काय लिहिलं होतं?" वकिलानं विचारलं. विचारण्याची त्याची पद्धत कोर्टातली होती. ती घरी येताना बाहेर ठेवायची त्याला सवय नव्हती.

दादा काही बोलणार, तोवर वहिनी चहाचे कप घेऊन आल्या. या घरात पोटचा मुलगाही आईला वहिनी म्हणे आणि बापाला दादा. आत्यानं ज्या हाका मारल्या, त्याच घरभर चालल्या. हाका राहिल्या, आत्या मात्र नऊ वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन पलीकडच्या रस्त्यावर एका खोलीत राहायला गेली होती.

वहिनींनी चष्मा नीट केला. पाटीवरचा शब्द वाचला. मग कप ट्रेमध्ये चिमट्यांच्या शेजारी ठेवले.

"ही ताई कोण?"

दादांनी मुठीतलं वर्तमानपत्र सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. दुकानाच्या पाटीवर बाईचं नाव! बायकांनी दुकानाची पायरी चढू नये म्हणून मला शेहेचाळीस वर्षं घरात ठेवलंत, आणि पाटीवर ही कोण?"

"वहिनी, तसलं काही नसेल," वकील म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"तू गप्प बस. पंचाहत्तरी त्यांची आहे, तुझी नाही."

"मी," मागून कुणीतरी म्हणालं.

मागच्या जिन्यानं आत्या वर आली होती. हातात नेहमीची कापडी पिशवी. तिला अकरा वाजता बोलावलं होतं आणि ती अकराला आली होती. एरवी ती या घरी येत नसे. सून दोनदा स्वतः जाऊन सांगून आली, म्हणून आली.

"गिऱ्हाइकं मला ताई म्हणायची," आत्या म्हणाली.

वहिनींचा चेहरा उतरला आणि लगेच पुन्हा चढला. "तुम्ही? तुमचं नाव कशाला पाटीवर?"

"अगं, शिवणाचा वर्ग होता," दादा घाईनं म्हणाले. "लग्नाआधीची गोष्ट. चार पोरी यायच्या, ही त्यांना शिकवायची. 'शिवणवर्ग, ताई' असं लिहिलं होतं खाली. वर्ग बंद झाला, ओळ झाकली. एवढंच. उगीच राईचा पर्वत नको."

आत्यानं दादांकडे पाहिलं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पाटीवरच्या चित्रातल्या मशीनचं चाक बोटानं एकदा फिरवल्यासारखं केलं.

त्या बोटाकडे वहिनी बघत राहिल्या. नखाच्या कडेला काळी रेघ होती. ती तिथं कायमचीच होती. लग्न होऊन या घरात आल्या, त्या पहिल्या आठवड्यापासून वहिनींना ती रेघ खुपत आली होती. मागच्या खोलीत मशिनी यायच्या, उघडलेल्या, तेलकट. नवऱ्यानं सांगितलं होतं, लग्न जमलं नाही बिचारीचं, मन रमावं म्हणून पुसापुशीला देतो. काम सगळं मीच करतो, ती नुसतं तेलपाणी बघते. वहिनींनी ते खरं मानलं. न मानायला काय कारण होतं? आणि खरं मानलं, म्हणून त्या बोलत गेल्या. काळी नखं घेऊन माझ्या स्वयंपाकाला हात लावू नका. भावाच्या जिवावर किती दिवस. आणि नऊ वर्षांपूर्वी, पाहुण्यांच्या देखत, 'आमच्याकडे एक बसून खाणारं माणूस आहे ना.' दुसऱ्या दिवशी खोली रिकामी होती.

"पूस गं," वहिनी सुनेला म्हणाल्या.

"काय गरज आहे?" दादा म्हणाले.

"शिवणवर्ग लिहिलं असेल तर शिवणवर्गच निघेल. घाबरता कशाला?"

सुनेनं बोळा बुडवला. या वेळी ती उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकली. सगळे उभे होते आणि गॅलरीत फक्त वाटीत बोळा पिळल्याचा आवाज होत होता. 'र' निघाला. मग 'गी'. मग एकदम बाकीचं. तिनं स्वच्छ फडक्यानं टिपलं आणि ती मागं सरली.

'कारागीर : ताई'.

"शिवणवर्ग," वहिनी म्हणाल्या. हळू आवाजात. "किती छान शिवणवर्ग आहे हो."

"हे बघ—"

"नाही. आता मी बघत नाही, आता तुम्ही ऐका. दुकान कोण चालवत होतं?"

"दोघं मिळून."

"मशीन कोण दुरुस्त करत होतं?"

दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुन्हा खांद्यावर टाकला. "हात तिचा चांगला होता, मी कधी नाही म्हटलंय?"

"कुणाला म्हटलंत? मला म्हटलंत? मला म्हणालात बिचारी आहे! मला म्हणालात मी पोसतो! तिच्या कमाईचं मी खात होते, माझं पोर खात होतं, त्याचं शिक्षण झालं, आणि तिलाच मी बसून खाणारी म्हटलं. तुम्ही समोर बसला होतात. तुम्ही घास घेतलात त्या वेळी, मला आठवतंय. घास घेतलात आणि पाणी प्यायलात!"

"वहिनी, शांत हो," वकील म्हणाला.

"माझ्या तोंडून बोलवून घेतलंत तुम्ही. तुम्ही चांगले राहिलात आणि मला कजाग केलंत. सगळी आळी म्हणते भाऊ देवमाणूस, भावजयीनं बाहेर काढलं. म्हणते ना?" त्या सुनेकडे वळल्या. "तुलाही लग्नाआधी हेच सांगितलं असेल कुणीतरी."

सून खाली बघून ब्रश पुसू लागली. सांगितलं होतं.

मग वहिनी आत्याकडे वळल्या, आणि सुनेला वाटलं, आता या पाया पडतील. पण वहिनींचा आवाज आणखी चढला.

"आणि तुम्ही, वन्सं? तुम्हाला तोंड नव्हतं? एक शब्द बोलला असतात!"

"दादाला शब्द दिला होता," आत्या म्हणाली. "लग्न होईपर्यंत बोलणार नाही म्हणून. तो म्हणाला होता, एक महिना फक्त. एका महिन्यानं मी पाटी पुन्हा आहे तशी करतो आणि वहिनीला मीच सांगतो. शिडी मी धरली होती."

"महिना होऊन गेला की कधीच!"

"गेला. त्यानं त्याचा शब्द पाळला नाही. पण म्हणून माझा सुटला, असं मला वाटलं नाही. मग तुम्हाला दिवस गेले, मग हा झाला. एकदा सांगायचं राहिलं की पुढं सांगणं म्हणजे चहाडी वाटते."

"शब्द!" वहिनींनी कपाळाला हात लावला. "मी रोज उठून पाप करत होते आणि तुम्ही तिकडे शब्द पाळत होतात! तुमचं पुण्य वाढत होतं, वन्सं, माझ्या जिवावर. जरा माझाही विचार करायचा होता."

आत्या इतका वेळ उभी होती. ती आता कठड्याला टेकली. या घरात तिला पुष्कळ बोलणी बसली होती आणि ती सगळी तिनं बाहेरच्या बाहेर झटकली होती. हे पहिलंच आत गेलं. रोज सकाळी तोंडात काही घालायच्या आधी कुणाच्या तरी एका मशीनला तेल घालायचं, हा तिचा नेम होता, वडिलांनी लावलेला. तापातसुद्धा तिनं तो मोडला नव्हता. आपण नेमाचं माणूस आहोत, याचा तिला मनातून अभिमान होता. आपल्या गप्प राहण्याचा कुणाला जाच होत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "तेवढं माझं चुकलं."

"तुझं काही चुकलेलं नाही, आत्या," वकील मध्ये पडला. "आणि दादांचंही आता काढून काय उपयोग? तो काळच तसा होता. आपण व्यवहाराचं बघू. सहा वाजता माणसं येतील. दादांचे मित्र, त्यांच्या मंडळाचे लोक. आज दिवस दादांचा आहे. आज संध्याकाळपुरता या ओळीवर एक पांढरा कागद चिकटवू. नीट, कळणार नाही असा. मग पुढच्या महिन्यात सगळ्यांना सांगून, व्यवस्थित—"

"काय म्हणालास?" आत्यानं विचारलं.

"फक्त आजच्यापुरतं."

आत्याचा आवाज या घरात कुणी चढलेला ऐकला नव्हता. आताही तो चढला नाही. पण तिनं एक बोट उचललं आणि पुतण्यासमोर धरलं. "अगदी हेच. शिडीवरून हेच म्हणाला होता तुझा बाप. फक्त त्याला तेव्हा कायदा येत नव्हता. तुझी बायको सांगत होती, तू म्हणालास, मूळ आहे तेच लावायचं. मूळ निघालं आणि तासाभरात तुला कागद सुचला! मी तुला मशीनच्या पायडलवर झोपवून वाढवलाय रे. कशासाठी वाढवला?"

वकिलाचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," सून म्हणाली. "किडलेल्या दातावर पांढरं फासून पेशंट घरी पाठवणाऱ्यातली मी नाही. कागद चिकटवायचा असेल तर तूच चिकटव. आणि मग ब्रश, ट्रे, सगळं तूच आवर."

"सगळ्या एक झाल्या!" दादा म्हणाले. "माझ्याच घरात, माझ्याच दिवशी! मी दुकान सांभाळलं नाही का? पहाटे उठून कुलूप मीच काढत होतो ना? दारोदार जाऊन काम मीच आणत होतो ना? ते काहीच नाही?"

"होतं," आत्या म्हणाली. "ते मी कधी झाकलं नाही."

दादांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. ते आत गेले. खोलीचं दार लागलं.

थोड्या वेळानं सुनेनं पुन्हा बोळा उचलला. पट्ट्याचं डावं टोक अजून पांढरं होतं; वीतभर. "इथंही काहीतरी आहे. पुसते."

"राहू दे," आत्या म्हणाली. "तिथं एक शब्द आहे. तो दादानं पुसायचा. मी शिडी धरली होती, आता तेही करणार नाही. त्यानं लावलं, त्यानं काढायचं."

"आणि नाही काढलं तर?"

"तर तसंच राहील."

"राहू देत," वहिनी म्हणाल्या. "अशीच लावायची. अर्धी उघडी, अर्धी झाकलेली. दिवाणखान्यात, बरोबर सोफ्याच्या वर. कुणी विचारलं त्या पांढऱ्याखाली काय आहे, तर मी सांगेन, यांना विचारा."

दुपारभर पाटीचं काम चाललं. गंज सुनेनं बारीक कागदानं घासला. कोपऱ्यातलं भोक बुजवायचं का, असं तिनं विचारलं, तर आत्या म्हणाली, नको, ते तिच्या वयाचं आहे. चमक यायला काय लावावं, यावर वकिलानं मोबाइलमध्ये बघून तीन महागडी नावं सांगितली. आत्यानं पिशवीतून तिची तेलाची कुपी काढली. "मशीनचं तेल. अगदी पातळ. आधी फडक्याला, मग पाटीला. पांढऱ्यावर नको." पिवळी अक्षरं ओलसर उजळली. वहिनी आपणहून आत्याशेजारी बसल्या होत्या, पण बोलत नव्हत्या. एकदाच त्या म्हणाल्या, "नऊ वर्षं माझं मशीन बंद आहे. टाका सोडतं. तुमच्याकडे द्यायची लाज वाटली आणि दुसऱ्याकडे द्यायला मन झालं नाही." आत्यानं नुसती मान हलवली.

संध्याकाळी माणसं आली. दादा नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते. पाटीकडे त्यांची पाठ होती. वहिनींनी खुर्ची मुद्दाम तशी ठेवली नव्हती, पण त्यांनी ती फिरवलीही नव्हती.

पहिल्या पाहुण्यानं विचारलं, "वा! पाटी! आणि ते पांढरं काय राहिलंय?"

"यांना विचारा," वहिनी म्हणाल्या.

"जुना रंग आहे, निघत नाही," दादा म्हणाले.

दुसऱ्यानं विचारलं. तिसऱ्याच्या बायकोनं विचारलं, "ताई म्हणजे कोण हो?" आत्या कोपऱ्यात बसली होती, तिनं काही सांगितलं नाही. सून कप फिरवत होती, तिनंही नाही. सगळे दादांकडे बघत. दादा दर वेळी काहीतरी थोडं वेगळं सांगत, आणि चौथ्या वेळी त्यांनी आधी काय सांगितलं होतं, ते त्यांनाच आठवेना. वकील मदतीला येईल, असं त्यांना वाटलं. वकील खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघत होता.

मग म्हातारे शिंपी आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, नातीच्या हाताला धरून. त्यांनी दादांना नमस्कार केला, मग पाटी लावलीय असं नातीनं सांगितल्यावर पाटीसमोर जाऊन उभे राहिले. मान वर करून त्यांनी पाटीवर हात फिरवला. तेलाचा वास घेतला. नातीनं वाचून दाखवलेल्या खालच्या ओळीवर बोटं नेली आणि डाव्या टोकाला थांबले. तिथं हाताला खरखर लागली.

"हे काय? 'मुख्य' कुठं गेलं?"

सगळे पाटीकडे वळले.

"'मुख्य कारागीर : ताई' ना?" शिंपी म्हणाले. "तुमच्या वडिलांनी मला बोलावून विचारलं होतं, मास्तर, नुसतं कारागीर लिहू का? मी म्हटलं, नुसतं कसं? माझी चार मशीनं तिच्या हाताखालची आहेत, मुख्य लिहा. मध्ये तुम्ही ते सगळंच झाकलंत. आम्ही म्हटलं, घरातलं काही असेल, आपण कशाला विचारा. पण दादा, मशीन परत आलं की पहिल्या टाक्याला कळायचं हो कुणाचा हात आहे. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही लपवत कुणापासून होतात?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "माझ्यापासून," त्या म्हणाल्या.

आता दादांना पाठ फिरवून बसता येईना. ते उठले. सगळ्यांच्या देखत चार पावलं चालून पाटीपाशी गेले. बोटं टेकत होती, पण पुसायला जोर लागेना. वकिलानं स्टूल आणून ठेवलं आणि तो बाजूला झाला. सुनेनं वाटी आणि कापूस वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी ते दादांना दिलं. द्यायचं तेवढं दिलं आणि हात मागं घेतला.

दादा स्टुलावर चढले. स्टूल हललं. आत्या आपल्या जागेवरून उठली नाही. मोतीबिंदू झालेल्या शिंप्यांनीच चाचपडत एक पाय धरला.

बोळा दाबला गेला, पांढरं पाणी मनगटावरून नव्या सदऱ्याच्या बाहीत शिरलं. एकाच बोळ्यानं दादा पुसत राहिले, तो पुरा पांढरा होऊन काही निघेनासा झाला तरी. "दुसरा घ्या," सून म्हणाली. त्यांनी दुसरा घेतला. 'ख्य' निघाला. मग 'मु'. ओळ पूर्ण झाली, तरी ते भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले.

"वाच," आत्या म्हणाली.

दादांनी वाचलं. ओठ हलले, इतकंच कळलं.

"मोठ्यानं वाचा," वहिनी म्हणाल्या. "मला ऐकू आलेलं नाही."

दादांनी मान वळवली. खोलीभर माणसं होती. आत्याच्या मांडीवर तेलाची कुपी होती आणि तिचे दोन्ही हात, काळ्या नखांसकट, तिच्यावर उघडे ठेवलेले होते.

दादांनी पुन्हा वाचलं, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिन्ही शब्द.

"हां," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग त्या आत्यापाशी गेल्या. "चला, वन्सं. माझं मशीन आतल्या खोलीत आहे. यांच्या पाहुण्यांना चहा हे देतील."